सब्र म्हणजे हक्क सोडणे नव्हे

विमान कंपनीचा मेसेज येतो, 'वेळेत बदल झाला आहे.' एजंट सांगतो, 'पैसे मिळणार नाहीत, क्रेडिटमध्ये राहतील.' आपण 'अल्लाह की मर्जी' म्हणून गप्प बसतो. ही मर्जी अल्लाहची नाही, कंपनीची आहे!

भारतीय कंपन्यांसाठी डीजीसीएचे नियम स्पष्ट आहेत. विमान रद्द झाले तर पर्यायी विमान किंवा पूर्ण पैसे. उशीर 6 तासांहून अधिक असेल तरीही हीच निवड. क्रेडिट घ्यायचे की रोख, हे प्रवासी ठरवणार. तिकीट एजंटकडून काढले असले तरी पैसे परत करण्याची जबाबदारी कंपनीची.

पण आखातात मजुरीला निघालेल्या कोकणातल्या पोराला, उमराहसाठी पै पै जमवलेल्या म्हातारीला हे सांगणार कोण? त्यांच्या अज्ञानावरच हा धंदा चालतो.

मेसेज जपून ठेवा. पैसे लेखी मागा. दाद मिळाली नाही तर एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा. तिथेही काम झाले नाही तर आपल्याच जिल्ह्याचा ग्राहक आयोग आहे. तिकिटाची रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही.

सब्र संकटात करायचा असतो, लुबाडणुकीत नव्हे.