हेलिगनचे बावीस माळी

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल परगणा आहे. तिथल्या मेवागिसी या कोळ्यांच्या गावाजवळ ट्रेमेन या जमीनदार घराण्याची हेलिगन नावाची इस्टेट आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी तिथल्या बागांची निगा राखायला २२ माळी होते. कॉर्नवॉलची हवा इंग्लंडच्या मानाने सौम्य. त्यामुळे दरीतल्या बागेत केळी आणि ताडाची झाडेही रुजली. जोसेफ हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४८ ते १८५० या काळात सिक्कीमच्या डोंगरांतून गोळा केलेल्या बियांपासून वाढलेले ऱ्होडोडेंड्रॉनही येथे बहरत.

अननसाची गंमत तर वेगळीच. थंड देशात त्याला ऊब मिळावी म्हणून काचेखालच्या वाफ्यांशेजारी खड्डे करून घोड्यांची ताजी लीद भरत. ती कुजताना निघणारी उष्णता पोकळ भिंतींतून झाडांपर्यंत पोचे. लीद थंड झाली की पुन्हा नवी भरायची!

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटले. माळ्यांनी आपल्या शौचकूपाच्या भिंतीवर पेन्सिलीने नावे लिहिली. पुढे त्यांच्यातले कितीतरी जण लढाईवर गेले आणि अनेक परतलेच नाहीत. १९१६ पर्यंत बागेत अवघे आठ जण उरले. नंतर मालक इटलीला राहायला गेले, घर भाड्याने दिले गेले आणि बाग काटेरी झुडपांनी गिळून टाकली.

१९९० च्या जानेवारीत मोठे वादळ झाले, अनेक झाडे कोसळली. त्याच वर्षी ट्रेमेन घराण्याचे वारस जॉन विलिस, पूर्वी संगीतक्षेत्रात असलेले टिम स्मिट आणि बांधकाम व्यावसायिक जॉन नेल्सन झुडपे तोडत आत शिरले. पडक्या खोलीत त्यांना ती नावे सापडली. ही बाग पुन्हा उभी करायची ती जमीनदारांच्या वैभवासाठी नव्हे, तर या माळ्यांच्या आठवणीसाठी, असे त्यांनी ठरवले. १९९२ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली. अननसाचे खड्डेही जुन्याच पद्धतीने पेटते झाले. १९९७ मध्ये तिथला एक अननस राणी एलिझाबेथ यांना त्यांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त भेट गेला.

२०१३ मध्ये लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमने त्या शौचकूपाला जिवंत स्मारकाचा मान दिला. मोठ्या बागांच्या इतिहासात मालकांची नावे असतात, झाडांचीही असतात. खुरपे धरणाऱ्यांची मात्र सहसा नसतात. हेलिगनच्या माळ्यांनी ती स्वतःच लिहून ठेवली, म्हणून उरली.