शेवटच्या ओळीतले दोन आकडे

जानेवारी २००३. कोलंबिया अंतराळयान पृथ्वीप्रदक्षिणा करीत होते. त्यातील सात जणांमध्ये कर्नालची कल्पना चावला होती. उड्डाणाच्या वेळी बाह्य इंधनटाकीवरील फोमचा एक तुकडा निखळून यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. त्याने किती हानी झाली असावी, याचा अंदाज अभियंत्यांनी नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइडच्या रूपाने मांडला. त्यातील एका स्लाइडचा मथळा वाचणाऱ्याला निर्धास्त करणारा होता. मथळ्याखाली मुद्दे, त्यांखाली उपमुद्दे, त्यांखाली आणखी उपमुद्दे. 'लक्षणीय' या अर्थाचा इंग्रजी शब्द निरनिराळ्या रूपांत पाच वेळा आला होता आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ थोडा वेगळा होता. सर्वांत खाली, अखेरच्या ओळीत दोन आकडे होते: चाचण्यांत वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा, यानावर आदळलेला अंदाजे १९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट मोठा. ज्या चाचण्यांच्या आधारे धीर दिला जात होता, त्या चाचण्यांचा या आघाताशी फारसा संबंधच उरत नव्हता.

१ फेब्रुवारीला यान परतीच्या वाटेवर वातावरणात विखुरले. अपघाताची कारणे यांत्रिक होती, तशीच संस्थेच्या कारभारातही होती. सारा दोष एका स्लाइडच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीही चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्या स्लाइडची स्वतंत्र दखल घेतली आणि तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइडवर काम भागवण्याच्या नासातील सवयीवर बोट ठेवले. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी तिचे ओळ न् ओळ विश्लेषण केले आहे. विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते एकदा तरी वाचावे. त्या अभियंत्यांना गणित येत होते आणि त्यांनी काहीही दडवले नव्हते. उणीव होती ती कोणते वाक्य आधी यावे, हे ठरवण्याची.

हे ठरवणे शिकता येते. अमेरिकेत तांत्रिक लेखनावरची पाठ्यपुस्तके विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतच आली आणि तेथील अनेक विद्यापीठांत व्यावसायिक व तांत्रिक लेखन हा मायनर विषय म्हणून घेता येतो. भारतातही आता त्याला जागा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२मध्ये जाहीर केलेल्या श्रेयांक आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० आणि चार वर्षांच्या पदवीसाठी १६० श्रेयांक असून, त्यांपैकी अनुक्रमे २४ आणि ३२ मायनर विषयाला दिले आहेत. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थिनीने हे ३२ श्रेयांक कुठे खर्च करावेत? संगणक, विदाविज्ञान, अर्थशास्त्र ही उत्तरे चटकन सुचतात. लेखन सुचवले, तर मात्र घरचे आणि प्राध्यापक दोघेही ते 'इंग्रजी सुधारण्याचा वर्ग' समजतात. या गैरसमजाला महाविद्यालयांनीच खतपाणी घातले आहे. अर्जाचा नमुना, मुलाखतीतले शिष्टाचार, समूहचर्चा एवढ्यालाच 'संवादकौशल्य' म्हणून वर्षानुवर्षे शिकवले, तर दुसरे काय होणार?

तांत्रिक लेखनाचा खरा पसारा कायद्यापर्यंत पोहोचतो. पेटंट कायदा, १९७० याच्या कलम १०नुसार अर्जदाराने आपला शोध आणि तो प्रत्यक्षात आणण्याची पद्धत पूर्णपणे व नेमकेपणाने वर्णन करावी लागते; त्याला ठाऊक असलेली सर्वोत्तम पद्धतही उघड करावी लागते. वर्णन ढिसाळ असेल, तर पेटंटला तेवढ्यावरूनही आव्हान देता येते. हळदीचे प्रकरण तर सर्वांना परिचित आहे. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, त्याला आव्हान दिले आणि १९९७मध्ये ते रद्द झाले. कापलेल्या बोटावर हळद दाबणाऱ्या कोट्यवधी आज्यांची साक्ष तेथे चालणारी नव्हती. उपयोगी पडले ते छापील पुरावे: जुने ग्रंथ आणि १९५३ साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला लेख. तो लेख कुणीतरी नीट लिहिला होता आणि कुणीतरी जपला होता.

याहून नाजूक कागद म्हणजे संमतिपत्र. २००९-१०मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही लस देण्याचा एक प्रकल्प राबवला गेला. लस उपयुक्त आहे की नाही, हा येथे मुद्दा नाही. मुद्दा परवानगीचा आहे. संसदेच्या स्थायी समितीच्या २०१३च्या अहवालातील नोंदीप्रमाणे आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ पत्रांवर अंगठे होते आणि २,७६३ पत्रांवर वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. अधीक्षकाने पालकाच्या जागी सही करणे हा कारभाराचा दोष. उत्तम गद्याने तो दूर झाला नसता, हे मान्य. पण अंगठा उठवणाऱ्या आईला त्या कागदातले काय कळले, हा प्रश्न मात्र थेट लेखनाचा आहे. 'जोखीम', 'ऐच्छिक', 'दुष्परिणाम' हे शब्द तिच्या तेलुगूत कसे मांडायचे, हे तो मसुदा करणाऱ्यांपैकी कुणाला शिकवले गेले होते?

म्हणूनच भारतात हा मायनर केवळ इंग्रजीत चालवणे हा अर्धवटपणा ठरेल. वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग १९६१पासून भारतीय भाषांतील परिभाषा घडवतो आहे. कोशांचे ढीग आहेत. ते शब्द वाक्यांत वापरून, खऱ्या वाचकापुढे ठेवून, न चालणारे बाजूला काढण्याची शिस्त मात्र पदवीच्या वर्गात दिसत नाही. चांगले काम कसे असते, याचा नमुना घरातच आहे. हवामान विभागाच्या व्याख्येत २४ तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस म्हणजे 'अत्यंत मुसळधार'. पण इशारा देताना विभाग केवळ मिलिमीटरवर थांबत नाही. पिवळा रंग लक्ष ठेवा म्हणतो, नारिंगी सज्ज राहा म्हणतो, लाल कृती करा म्हणतो. मोजमापाचे रूपांतर वाचकाच्या पुढच्या पावलात झाले. (बातम्यांत 'रेड अलर्ट'चा अर्थ निव्वळ 'खूप पाऊस' असा होऊन बसतो, तो भाग निराळा.)

आता हे सगळे यंत्र लिहून देईल, असा आक्षेप हमखास येतो. यंत्र सफाईदार मजकूर देते, यात शंका नाही. कोलंबियाची ती स्लाइडही दिसायला नीटनेटकीच होती. ३ आणि १९२० हे आकडे मथळ्यात घ्यायचे की तळाला, हा निर्णय मात्र चाचणीची मर्यादा जाणणाऱ्यालाच घ्यावा लागतो आणि त्याखाली सहीदेखील त्याचीच असते. उलट, तयार मजकुराचा पूर वाढेल तसे त्यातले पोकळ वाक्य ओळखणारे डोळे अधिक लागतील.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शिकवणार कोण? इंग्रजी विभागाला प्रयोग ठाऊक नसतो, विज्ञान विभागाला लेखन तपासण्याची सवय नसते. प्रयोगवह्या वर्षानुवर्षे मागच्या तुकडीच्या वहीवरून उतरवल्या जातात आणि त्यांवर बिनबोभाट सह्या होतात. तेव्हा सुरुवात तेथूनच व्हावी. दोन विभागांनी मिळून विषय चालवावा. पहिल्या सत्रात स्वतःच्या फसलेल्या प्रयोगाचा अहवाल, पुढे एखाद्या उपकरणाची वापरपुस्तिका, मग पेटंटचा मसुदा. आणि शेवटच्या वर्षी मातृभाषेतील एक संमतिपत्र: ते महाविद्यालयाबाहेरच्या, विज्ञान न शिकलेल्या पाच जणांना वाचून दाखवावे, त्यांनी आपल्या शब्दांत काय सांगितले ते तसेच टिपून घ्यावे आणि गुण त्या टिपणावरून द्यावेत.