गळती कोणाच्या खात्यावर?

चाळीसगावकडून औट्रम घाट चढून आलेली एखादी काळीपिवळी जीप कन्नडच्या अलीकडे बॉनेट उघडून उभी दिसली, की दोष उन्हाला आणि चढाला दिला जातो. चालक इंजिन थोडे निवू देतो, आसनाखालचा पाण्याचा कॅन काढतो, रेडिएटर भरतो आणि छत्रपती संभाजीनगरच्या वाटेला लागतो. वेरूळला पुन्हा तोच विधी होतो. वस्तुतः ऊन आणि चढ यांमुळे इंजिन तापते, पाणी नाहीसे होत नाही. शीतनाची यंत्रणा बंदिस्त असते. तिच्यात दररोज पाणी घालावे लागत असेल, तर ते दररोज कोठून तरी गळत आहे, हे उघड आहे.

ही गळती दिसते त्याहून महाग असते. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. येथे उघड्या भांड्यातील पाणी १०० अंशांच्या थोडे आधीच, सुमारे ९८ अंशांना उकळते. रेडिएटरचे झाकण यंत्रणेत वातावरणाच्या दाबाइतका आणखी दाब धरून ठेवते, म्हणून तेच पाणी जवळजवळ १२० अंशांपर्यंत द्रवरूप राहू शकते. नळीला बारीक चीर पडली की द्रव तर जातोच, पण हा दाबही जातो आणि उकळी लवकर फुटते. शिवाय कूलंटमध्ये ग्लायकॉलबरोबर गंज रोखणारी द्रव्ये असतात. बोअरचे पाणी रोज मिसळत गेल्याने ती विरळ होतात आणि त्या जड पाण्याचे क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. याहून फसवी गोष्ट तापमानाच्या काट्याची. पाण्याची पातळी संवेदकाच्या खाली गेली, तर काटा चढण्याऐवजी खाली येऊ शकतो. चालक निश्चिंत होतो, आणि त्याच सुमारास इंजिनाचे हेड वाकू लागलेले असते.

गळती शोधण्याची रीत मात्र अवघड नाही. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवून झाकणाच्या मर्यादेइतका दाब द्यायचा आणि पंधरा मिनिटे मापकाकडे पाहायचे. (तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणारे हात आयुष्यभराचे डाग घेऊन फिरतात.) काटा उतरला तर गळती आहे. मग नळ्यांच्या क्लिपा, रेडिएटरचे सांधे आणि पाण्याच्या पंपाखालचे बारीक छिद्र पाहायचे. ते छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. पंपाचे सील गेले की तेथून थेंब येतो. वाळलेल्या कूलंटची पांढरट वा रंगीत पापुद्र्यासारखी खूण बहुधा जागा सांगते. बाहेर सर्व कोरडे असूनही दाब उतरला, तर संशय हेडच्या गॅस्केटवर जातो. तेल दुधाळ होणे, धुराड्यातून सतत पांढरी वाफ येणे आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठणे ही त्याची लक्षणे. पहिल्या टप्प्यावर दुरुस्ती एका क्लिपेची वा नळीची असते. शेवटच्या टप्प्यावर इंजिन उघडावे लागते.

मग हा अर्धा तास कोणीच का खर्च करत नाही? याचे उत्तर अज्ञानात शोधणे हे चालकावर अन्याय करणारे आहे. त्याची कमाई फेरीवर असते. गाडी गॅरेजात उभी राहिली, तर त्या दिवसाची मजुरी बुडते त्याची; इंजिन बसले तर खर्च येतो मालकाला. पाणी ओतणे हा त्याच्या बाजूने चोख हिशेब आहे. बटाईने जमीन कसणारा दुसऱ्याच्या शेताचा बांध का घालत नाही, हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. मालकाच्या दृष्टीने गाडी धावते आहे तोवर ती निरोगीच असते. राहता राहिला मेकॅनिक. तो उपजीविका करतो ती भाग बदलण्यावर. ‘नुसते बघितले’ त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, उलट घासाघीस करते. म्हणून तो अंदाजाने आधी नळी बदलतो, मग झाकण, मग रेडिएटर, आणि गिऱ्हाईक न शोधलेल्या गळतीसाठी तिप्पट रक्कम आनंदाने मोजते.

रस्त्यावर याहून स्वस्त उपायही आहे, तो म्हणजे रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकणे. हिंगोलीसारखा हळदीचा जिल्हा शेजारी असताना या प्रदेशाने तिच्यावर विश्वास टाकावा, हे स्वाभाविक आहे. हळद फुगते आणि बारीक भोक बुजवते, हे खरे. पण कोणते भोक बुजवायचे हे तिला कळत नाही. रेडिएटरच्या अरुंद नळ्याही ती त्याच निष्ठेने बुजवते. गाव गाठण्यापुरता तो तोडगा ठीक. पुढच्या महिन्यासाठी नव्हे.

याच शहरालगत चिकलठाण्याला एस. टी. महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. तेथील वा आगारातील पगारी कामगाराचे वेतन त्या दिवशी किती सुटे भाग बदलले, यावर अवलंबून नसते. शोधण्यात गेलेला वेळ त्याच्यापुरता तरी तोट्याचा नाही. सुट्या गाड्यांच्या व्यवसायात हीच सोय करारानेच आणावी लागेल. गाडी तपासणीला गेलेल्या दिवसाची मजुरी मालकाने चालकाला द्यावी, आणि गॅरेजच्या पावतीवर तपासणीची रक्कम सुट्या भागांपासून वेगळी लिहिली जावी. मालक म्हणतील, हा वाढीव खर्च आहे. तो आहेच, पण आज तो नाही असे नसून, हेडच्या दुरुस्तीत लपलेला आहे.

या व्यवहारात चौथा पक्षही आहे, आणि त्याचे खाते कोणत्याच वहीत नाही. ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. स्टँडवर उभ्या गाडीखाली साचलेले हिरवट डबके भटकी कुत्री चाटतात, तहानलेली गुरेही तेथे तोंड घालतात. रात्री गाडीखाली एक पुठ्ठा अंथरला, तर सकाळी डाग नेमका कोठे पडला ते दिसते आणि निम्मे निदान फुकटात होते. पण पहाटेची पहिली फेरी उजाडण्यापूर्वी सुटते, आणि त्या घाईत पुठ्ठा पाहायला थांबण्याचे पैसे अद्याप कोणी ठरवलेले नाहीत.