पंधरा दिवसांची गोळी

परवा संध्याकाळी शेजारची एक जण आमच्याकडे आली. विरजण मागावं इतक्या सहजपणे आईला म्हणाली, "काकू, झोपेची एखादी गोळी असेल का हो? माझ्या संपल्यात, आणि मेडिकल आज बंद आहे."

आईनं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे.

बाबा २००९ साली गेले. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले आणि आईची झोप उडाली. डॉक्टरांनी अल्प्राझोलामची पाव मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. रात्री एक, पंधरा दिवस. चिठ्ठीवर तसं स्वच्छ लिहिलं होतं. पण पंधरा दिवसांनी परत दाखवायला कोण जातं? ती चिठ्ठी देवघराच्या फळीवर राहिली आणि तीच दाखवून गोळ्या येत राहिल्या. आणायचं कोण? मीच. पुढे पुढे चिठ्ठीही लागेना. पाव मिलिग्रॅमची अर्धा झाली, मग दुपारची एक वाढली. पंधरा दिवसांची नऊ वर्षं झाली.

याला आमच्या घरात कोणी व्यसन म्हटलं नाही. आई म्हणायची, "मी काय दारू पिते का? डॉक्टरांचंच तर औषध आहे." खरंच होतं ते. दारुड्याचं अख्ख्या गल्लीला कळतं. गोळी घेणारी बाई वेळेवर स्वयंपाक करते, डबे भरते, गप्प असते. आणि गप्प बाईबद्दल घरात कोणाची तक्रार नसते, मैत्रिणींनो!

मग आई विसरायला लागली. गॅस चालू राहायचा. एकदा रात्री न्हाणीघरात पडली. २०१८ साली कुठंसं वाचलं, की या गोळ्यांनी वय झालेल्यांचा तोल जातो, स्मरणशक्ती मंदावते. मी रागारागानं सगळ्या पट्ट्या उचलल्या आणि कचऱ्यात टाकल्या. आईला म्हटलं, "आजपासून बंद. मनाचा निग्रह कर."

दुसऱ्या दिवशी तिला दरदरून घाम, हातांना कापरं. भांडं पडलं तरी दचकायची. तिसऱ्या रात्री फिट आली. जिल्ह्याच्या दवाखान्यात तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कुठली गोळी एकदम बंद केलीत का?" मान खाली घालून मी हो म्हटलं.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. मेंदूला शांत करणारं एक रसायन मेंदूतच असतं, गाबा नावाचं. ही गोळी त्याचा जोर वाढवते. रोज बाहेरून जोर मिळाला, की मेंदू त्या हिशेबानं आपली घडी बसवतो. गोळी अचानक काढली, की आवरणारंच कोणी उरत नाही. यात निग्रहाचा प्रश्न येतोच कुठे? डोस उतरवायचा तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, जिना उतरावा तसा, एकेक पायरी. आईला अकरा महिने लागले. मधे दोनदा एकाच पायरीवर थांबावं लागलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती रोज खूण करायची.

ही माहिती काही नवी नाही. डायझेपाम म्हणजे व्हॅलियम अमेरिकेत १९६३ साली आलं आणि तिथल्या घरोघरच्या बायकांना सर्रास लिहून दिलं गेलं. ब्रिटनमध्ये १९८८ सालीच डॉक्टरांना सूचना झाली, की या गटातली औषधं दोन ते चार आठवडेच द्यावीत. आपल्याकडेही १ मार्च २०१४ पासून या गोळ्या 'शेड्यूल एच-१' मध्ये आहेत. म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत, आणि विकल्या तर डॉक्टरांचं, रुग्णाचं नाव आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची. पट्टीवर लाल चौकटीत इशाराही असतो. नऊ वर्षं मी त्या पट्ट्या आणल्या, ती चौकट कधी वाचली नाही.

मेडिकलवाल्याला, डॉक्टरांना बोल लावायला मी मोकळी आहे, आणि लावतेही. पण त्या नऊ वर्षांत आम्ही तिघी भावंडांनी आईला एकदाही विचारलं नाही, की झोप का येत नाही गं? गोळी आणून देणं सोपं होतं. बाबांच्या माघारी मोठ्या घरात एकटीनं रात्र काढायची तिला भीती वाटायची, हे आम्हाला दवाखान्यात कळलं.

शेजारणीला आईनं बसवून घेतलं, चहा टाकला. नवऱ्याच्या पट्टीतली एक-एक करत ती चार वर्षं गोळी घेतेय. घरात कोणाला माहीत नाही. मी तिला सांगितलं, आज एकदम सोडू नकोस, आणि दुसऱ्याची गोळीही घेऊ नकोस, डॉक्टरांना खरं काय ते सांग. १४४१६ हा सरकारी टेलि-मानसचा नंबर लिहून दिला. फोन फुकट लागतो, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येतं. तिला भीती एकच, नवऱ्याला कळेल. गुरुवारी बाजाराच्या निमित्तानं आम्ही दोघी तालुक्याला डॉक्टरांकडे जाणार आहोत. आई म्हणाली, मीही येते.