पेरणीनंतरची बीजप्रक्रिया

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षातलं ‘रावे’, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव, सरळ बंद करावं, असं प्रतिपादन करणारा लेख नुकताच वाचनात आला. लेखकमहाशय शेतीचे जाणकार आहेत. निदान लेखाखाली तसं छापलं होतं. म्हणणं थोडक्यात असं: पोरं गावात जातात, फोटो काढतात, बाड बांधतात आणि परत येतात. शेतकऱ्याचा वेळ वाया, पोरांचं सत्र वाया. त्यापेक्षा ते महिने एखाद्या कंपनीत नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत सत्कारणी लागतील. शिवाय बरीचशी मुलं शेतकऱ्यांचीच. त्यांना गाव काय दाखवायचं?

शेतकऱ्याच्या वेळेची एवढी काळजी असेल, तर महाशयांनी आधी त्याच्या तलाठ्याकडच्या खेपा मोजाव्यात. कंपनीत मुलगा औषध विकायला शिकेल. ‘यंदा फवारलं नाही तरी चालेल’ हे सांगायला तिथं कोण शिकवणार? अभ्यासिकेबद्दल न बोललेलं बरं.

फोटोंचा आरोप मात्र खरा आहे, आणि त्याचाच जास्त राग येतो. ऑगस्टमध्ये वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बातमी असते: कृषिदूतांचं, म्हणजे रावेच्या पोरांचं, बीजप्रक्रियेवर मार्गदर्शन. मागे फ्लेक्स, पुढे घमेलं, घमेल्यात किलोभर सोयाबीन, भोवती हातमोजे घातलेली मुलं आणि मधोमध सरपंच. बीजप्रक्रिया करायची पेरणीआधी, आणि फ्लेक्सच्या मागे सोयाबीन गुडघ्याला लागलेलं! पण हा वेडेपणा पोरांनी काढलेला नाही. सत्र उशिरा सुरू झालं, तोवर पेरण्या उरकल्या. वहीत मात्र बीजप्रक्रियेला गुण आहेत आणि तपासणारा फोटो मोजतो. मोजणाऱ्याला सोडून पोरांना झोडपणं सोपं असतं, एवढंच. रावेची शिफारस रंधावा समितीने १९९२ मध्ये केली, २०१५ मध्ये ते ‘स्टुडंट रेडी’ या योजनेच्या छत्राखाली आलं; छत्र बदललं, पण सत्राचं आणि मृगाचं अजून काही जुळत नाही.

हेच प्रात्यक्षिक वेळेवर झालं तर काय होतं? पुस्तकातला क्रम सोपा आहे. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम हे जिवाणू-संवर्धक, दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम. सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. आता पेरणीची सकाळ घ्या. वाफसा आजचाच, आभाळ परत भरून आलेलं, ट्रॅक्टरवाला सहालाच दारात आणि त्याची पुढची दोन गिऱ्हाइकं ताटकळलेली. घरची बाई म्हणते, “दादा, सगळं एकदाच कालवा आणि मोकळे व्हा.” एकदाच कालवलं तर बुरशीनाशकाने रायझोबियम मरू शकतं. थांबावं तर ट्रॅक्टर जातो. घाईने रगडावं तर सोयाबीनची पातळ साल सुटते आणि उगवण घटते. काय सोडायचं, काय राखायचं, हे त्या पोराला तिथल्या तिथे, त्या बाईच्या देखत ठरवावं लागतं. आधीच्या सत्रांत असा प्रश्न एकाही प्रश्नपत्रिकेत आलेला नसतो. महाशयांच्या अभ्यासिकेत तो येणार कुठून?

शेतकऱ्याच्या मुलाला गाव नवं नसतं, कबूल. पण घरचं शेत कसणं वेगळं आणि परक्याच्या शेतात सल्ला देऊन त्याची जबाबदारी घेणं वेगळं.

मग करायचं काय? सत्र मृगाआधी गावात सुरू करा. एका मुलाला एक शेतकरी आणि एक एकर द्या. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण तपासण्यापासून मळणीपर्यंत ते रान त्याचं. राहण्या-जाण्याचा खर्च विद्यापीठाने सोसावा. कुठली शिफारस फसली आणि का, हे जो नीट लिहील त्याला जास्त गुण. तोंडी परीक्षा बांधावर घ्या आणि पहिला प्रश्न शेतकऱ्याला विचारू द्या. तो बहुधा भावाबद्दलच असेल. अभ्यासक्रमाबाहेरचा म्हणून परीक्षकाने तो खोडू नये.