शब्दविनोद : पाच घरांचा शब्द

इंग्रजी शब्दांच्या एका परिचित करमणुकीचा आज विचार करू. कागदावर पाच घरांची ओळ आखलेली असते. एक-दोन घरांत अक्षरे दिलेली असतात, उरलेली घरे रिकामी असतात, आणि शब्द कोणता ते ओळखावयाचे असते. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत आर्थर विन यांचे पत्त्यांतील चौकटीच्या आकाराचे शब्दकोडे प्रसिद्ध झाले, आणि या खेळाने वृत्तपत्रांत कायमचे ठाण मांडले. २०२१ मध्ये जॉश वॉर्डल यांनी ‘वर्डल’ हा पाच अक्षरी शब्दाचा खेळ लोकांपुढे ठेवला, तेव्हा हीच करमणूक नव्या वेषात घरोघरी आली. अशा वेळी एक प्रश्न सहज मनात येतो. रिकामे घर भरणे हे ज्ञानाचे काम की नशिबाचे? प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. त्याचा निवाडा एकदा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला करावा लागला होता.

प्रथम ज्ञानाची बाजू पाहू. इंग्रजीची सव्वीस अक्षरे सारख्या प्रमाणात वापरली जात नाहीत. तारयंत्राची लिपी सिद्ध होत असताना मोर्स यांचे सहकारी आल्फ्रेड व्हेल यांनी छापखान्यातील खिळ्यांच्या साठ्यावरून कोणते अक्षर अधिक लागते याचा अंदाज घेतला होता. म्हणून सर्वांत अधिक येणाऱ्या ‘ई’ला केवळ एक टिंब मिळाले आणि ‘टी’ला केवळ एक रेघ. पुढे अमेरिकन वास्तुशिल्पी आल्फ्रेड बट्स यांनी वृत्तपत्रांतील अक्षरे मोजून एक खेळ रचला, तोच १९४८ पासून ‘स्क्रॅबल’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच्या १०० सोंगट्यांत ‘ई’च्या १२ आहेत, ‘ए’ आणि ‘आय’च्या प्रत्येकी ९, तर ‘क्यू’ची अवघी १.

अक्षरांना संगतीचीही सवय असते. ‘क्यू’च्या पाठोपाठ बहुधा ‘यू’ येते. समजा, पाच घरांपैकी पहिल्यात ‘क्यू’ आणि शेवटच्यात ‘टी’ आहे. दुसरे घर न सांगताच भरले. आता नित्याच्या वापरातील तीन शब्द सुचतात : क्वाएट म्हणजे शांत, क्वेस्ट म्हणजे शोध, क्विल्ट म्हणजे रजई. चौथे अक्षर कळले की तिन्हींतील एकच उरतो : ‘ई’ असेल तर पहिला, ‘एस’ असेल तर दुसरा, ‘एल’ असेल तर तिसरा. येथे नशिबाला वाव नाही.

आता दुसरे उदाहरण घ्या. शेवटची चार घरे भरलेली आहेत : ‘आय, जी, एच, टी’. केवळ पहिले घर रिकामे आहे. काम सोपे वाटते. परंतु लाइट, नाइट, राइट, माइट, साइट, फाइट, टाइट आणि एट असे आठ ओळखीचे शब्द येथे सारख्याच हक्काने बसतात. पाचांपैकी चार अक्षरे हाती असूनही आपण अंधारात! तात्पर्य, किती अक्षरे दिली आहेत याला फारसे महत्त्व नाही. दिलेल्या अक्षरांनी किती शब्द बाद होतात याला आहे.

वर्डलमध्ये सहा प्रयत्न मिळतात, आणि प्रत्येक प्रयत्नानंतर कोणते अक्षर शब्दात आहे व कोणते नाही हे रंगांनी कळते. वरील आठ शब्द एकामागून एक लिहून पाहणारा सहा प्रयत्नांतही चुकू शकेल. विचारी खेळाडू आधी ‘स्मेल’ हा शब्द टाकील. त्यात ‘एस, एम, ई, एल’ अशी चार संशयित अक्षरे एकदम तपासली जातात. त्यांपैकी एकही नसेल तर ‘फ्रंट’ टाकील. त्याने ‘एफ, आर, एन’ यांचा निकाल लागतो, आणि तिन्ही नसतील तर टाइट हाच शब्द उरतो. दोन चाचण्यांत आठ संशयितांचा उलगडा झाला. शास्त्रज्ञ प्रयोग करतो, वैद्य रोगनिदान करतो, त्यांचीही रीत हीच आहे.

परंतु चाचणी करण्याची मुभाच नसेल तर? एकच उत्तर पाठवावयाचे, खरे उत्तर संयोजकाच्या मोहोरबंद लखोट्यात, आणि जागा मात्र आठ शब्दांना सारखीच अनुकूल. अशा वेळी विद्वान आणि अडाणी एकाच पंक्तीला बसतात. अशी तीन घरे असतील तर आठाला आठाने दोनदा गुणून ५१२ जुळण्या होतात. एका प्रवेशपत्रिकेला चार आणे पडतात असे धरले, तर सर्व जुळण्या पाठविण्यास १२८ रुपये लागतील. दोन-चार पत्रिका भरणाऱ्या गृहस्थाच्या हाती काय लागणार ते उघड आहे.

स्वातंत्र्योत्तर पहिल्या दशकात शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांना आपल्या देशात असाच बहर आला होता. त्यांना आवर घालण्यासाठी संसदेने १९५५ मध्ये बक्षीस-स्पर्धा अधिनियम केला. महिन्यातील एकूण बक्षिसांची मर्यादा १,००० रुपये आणि एका स्पर्धेतील प्रवेशांची मर्यादा २,००० ठरली. त्यापूर्वीच मुंबई राज्याने अशा स्पर्धांवर कर बसविला होता, आणि बंगळूरहून निघून मुंबई राज्यात खपणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या पत्रातील कोड्यांवरून वाद न्यायालयात गेला होता. एप्रिल १९५७ मध्ये आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, जुगार हा व्यापार नव्हे. त्याला संविधानातील व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण मिळत नाही. त्याचबरोबर, ज्या स्पर्धांत यश बहुतांशी कौशल्यावर अवलंबून असते त्या जुगारापासून भिन्न आहेत, आणि १९५५ चा कायदा त्यांना लागू नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांच्या बाबतीत मात्र संसदेने २०२५ च्या कायद्यात हा भेद मानलेला नाही. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तेथे पैसा लावण्यास मनाई केली आहे.

कुटुंबातील वडील मंडळींना यातून एक सोपी कसोटी मिळते. मुलांच्या हाती एखादे कोडे पडले की दोन गोष्टी पाहाव्यात. दिलेली अक्षरे व सूचना एकाच उत्तराकडे नेतात काय? आणि उत्तर कळल्यावर ‘हेच का?’ याचे कारण सांगता येते काय? दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर ते कोडे बुद्धीला व्यायाम आहे. नकारार्थी असून वर प्रवेशमूल्यही मागितले जात असेल, तर घरातील पैसा वाचवावा हे बरे.

मराठी माध्यमातील मुलांना तर या खेळाचा विशेष उपयोग आहे. आपल्या शब्दकोड्यांत घराचे माप वेगळे असते. ‘स्त्री’ हा उच्चार आपण एका घरात बसवितो, तर इंग्रजीतील ‘स्ट्रेंग्थ’ या एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या शब्दाला आठ घरे लागतात. उच्चार आणि लेखन यांतील हे अंतरच मुलांना अडविते. घरे मोजून शब्द लिहिण्याची सवय लागली, म्हणजे उच्चारात न येणारी ‘जी’ आणि ‘एच’ ही अक्षरेही ध्यानात राहतात, आणि शब्दलेखनाचे भय हळूहळू ओसरते. त्यासाठी पाटी, पेन्सिल आणि रोजचा पाव तास पुरेसा आहे.

आता या वेळची तीन कोडी. उत्तरे झाकून ठेवावीत.

१. ‘ई, ए, आर, टी, एच’ ही पाच अक्षरे. एक शब्द पृथ्वीचा. त्याचे शेवटचे अक्षर उचलून आरंभी ठेवताच दुसरा शब्द शरीरातील एका अवयवाचा.

२. ‘एल, आय, व्ही, ई’ ही चार अक्षरे. ‘जगणे’ आणि ‘दुष्ट’ असे दोन अर्थ शोधा. एक शब्द दुसऱ्याच्या अगदी उलट वाचला जातो.

३. सहा अक्षरांचे दोन शब्द, दोहोंत अक्षरे तीच. एकाचा अर्थ ‘ऐकणे’, दुसऱ्याचा ‘निःशब्द’.

उत्तरे : १. अर्थ, हार्ट. २. लिव्ह, ईव्हिल. ३. लिसन, सायलेंट. तिन्हींत सूचना नेमकी आहे आणि उत्तराचे कारण सांगता येते. मुलांना आता अशीच चौथी जोडी स्वतः शोधून आणण्यास सांगावे.