आकाशास भ्यावे की आकाश पाहावे?

शके १९४४ च्या गुढीपाडव्यास, म्हणजे २ एप्रिल २०२२ रोजी, घरोघरी पंचांगाचे पूजन झाले, संवत्सरफल वाचले गेले आणि नव्या वर्षाचे नाव ‘शुभकृत्’ आहे हे ऐकून सर्वांस समाधान वाटले. त्याच दिवशी रात्रीच्या पहिल्या प्रहरी महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्या आकाशातून ज्वाळांची एक रांग संथ गतीने सरकत गेली. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी या गावी, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. पुढे मे महिन्यात आमच्या शेजारच्या आणंद जिल्ह्यातील भालेज, खंभोळज व रामपुरा या गावांत धातूचे गोळे पडले आणि पाठोपाठ वडोदरा जिल्ह्याच्या सावली तालुक्यातूनही तशीच वार्ता आली.

अशा प्रसंगी आमच्या समाजात दोन प्रकारचे शहाणे तत्काळ उभे राहतात. पहिला म्हणतो, हा उत्पात होय. आता शांती करा, दान द्या. दुसरा म्हणतो, हे परग्रहावरील विमान होय, आणि आमच्या पूर्वजांस ही विद्या अवगत होतीच. पहिला भय विकतो, दुसरा अभिमान विकतो. आमचे स्पष्ट मत असे आहे की, या दोघांपैकी एकानेही आकाशाकडे नीट पाहिलेले नसते, आणि दोघेही धर्माचे नाव घेऊन धर्माचीच हानी करतात.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. पाडव्याच्या रात्रीचा तो प्रकाश चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या ‘चांग झेंग ३ ब’ या अग्निबाणाच्या उरलेल्या टप्प्याचा असावा, असे या विषयाच्या जाणकारांनी सांगितले. गुजरातेतील गोळ्यांविषयीही त्याच जातीच्या अग्निबाणाकडे बोट दाखविले गेले. असले गोळे म्हणजे दाबाखाली वायू अथवा इंधन साठविण्याची पात्रे असतात. ती बहुधा टायटॅनियमसारख्या धातूची असतात. तो धातू वितळण्यास सोळाशे अंशांहून अधिक उष्णता लागते, म्हणून बाकी सारे जळून गेले तरी गोळा तेवढा शेतात येऊन पडतो.

उल्का आणि हा अवशेष यांतील भेद ओळखण्यास दुर्बीण लागत नाही. उल्का सेकंदाला अकरा ते बहात्तर किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि बहुधा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच विझते. अग्निबाणाचा तुकडा सात-आठ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवा, तुकडे होत होत जातो व बराच वेळ दिसतो. संध्याकाळी गच्चीवरून मोत्यांची माळ ओवल्यासारखे दिवे एका रेषेत जाताना दिसले तर ते २०१९ पासून एका अमेरिकी कंपनीने झुंडीने सोडलेले उपग्रह असण्याचा संभव मोठा. खाली आमच्याकडे अंधार झालेला असतो, पण त्या उंचीवर सूर्याचा प्रकाश अद्याप पोचत असतो. म्हणून ते चमकतात आणि पृथ्वीच्या छायेत शिरताच एकामागून एक दिसेनासे होतात. यात गूढ ते काय?

“पण शास्त्रात उत्पात सांगितले आहेत ना?” असा प्रश्न कोणी करील. होय, सांगितले आहेत. ते आम्ही लपवीत नाही. वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्कांची फलेही दिली आहेत. परंतु त्याच वराहमिहिराने आधी धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् व तारा असे त्यांचे पाच प्रकार रूपावरून आणि गतीवरून वेगळे केले. आधी लक्षण, मग फल. धूमकेतूंचा उदयास्त गणिताने सांगता येत नाही, हेही त्याने स्वच्छपणे नमूद केले. आजचा शांतिविक्रेता लक्षण पाहतच नाही, एकदम फलावर आणि फलावरून दक्षिणेवर येतो. याला शास्त्रनिष्ठा म्हणावे काय?

आणि ज्या पंचांगावर आमची देवळे चालतात, ते तरी कोठून आले? कोंकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये ‘ग्रहलाघव’ रचले. जुन्या गणिताने आलेले ग्रह आकाशातील ग्रहांशी जुळेनात, तेव्हा त्यांनी आकाशास खोटे ठरविले नाही, गणित सुधारले. त्यांचे वडील केशव दैवज्ञ हेही वेध घेणारे होते. आमची एकादशी ज्या गणितावर ठरते त्याच्या मुळाशी उघड्या डोळ्यांनी जागविलेल्या रात्री आहेत.

दुसऱ्या शहाण्याविषयी थोडक्यात. तो पुरावा म्हणून ‘वैमानिकशास्त्र’ पुढे करतो. भरद्वाजांच्या नावावर सांगितला जाणारा हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभी सुब्बराय शास्त्री यांनी सांगितला व लिहविला गेला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली त्याची तपासणी करून, त्यात वर्णिलेली विमाने उडूच शकत नाहीत, असा निर्णय दिला. आर्यभट आणि भास्कराचार्य ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी असल्या उसन्या वैभवाची हाव का धरावी?

या भ्रमाने कोणाचे काय बिघडते, असे म्हणून हा विषय सोडून देता येत नाही. त्यात बिघडते ते शेतकऱ्याचे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, अवकाशातून पडलेल्या वस्तूमुळे भूमीवर हानी झाल्यास ती वस्तू सोडणारे राष्ट्र, चूक सिद्ध करण्याची गरज न राहता, भरपाईस बांधील असते. भारत व चीन दोघेही या करारात आहेत. १९७८ साली सोव्हिएत रशियाचा ‘कॉस्मॉस ९५४’ हा अणुशक्तीवर चालणारा उपग्रह कॅनडात कोसळला. कॅनडाने तुकडे शोधले, खर्च मांडला आणि १९८१ मध्ये तीस लाख कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य करून घेतले. कॅनडाने शांती केली असती तर हे घडले नसते. लाडबोरीस वा सावलीस सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. पण उद्या तेच कडे एखाद्या घरावर पडले आणि आम्ही त्यास दैवी कोप म्हणून हात जोडले, तर दावा कोण मांडणार? दैवास दोष दिला की दोषी सुटतो, हा या अंधश्रद्धेचा खरा अपराध होय.

सामान्य माणसाच्या पाहण्याला किंमत नाही, असेही कोणी समजू नये. २८ जानेवारी १९७६ च्या रात्री सौराष्ट्रात धजाळा येथे अशनी कोसळले. सुमारे पंचेचाळीस किलो दगड जमा झाले, आणि ज्यांनी तो प्रकाश पाहिला त्यांच्या सांगण्याच्या आधारे अभ्यासकांनी त्या अशनीची सूर्याभोवतालची कक्षा मांडली. खेडुतांच्या डोळ्यांनी पाहिलेले विज्ञानाच्या कामी आले!

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक देवस्थानाने आपल्या दप्तरात एक आकाशवही ठेवावी. काही अपूर्व दिसले तर वेळ, दिशा, क्षितिजापासूनची उंची, किती वेळ दिसले, आवाज झाला की नाही, एवढे त्याच रात्री लिहून काढावे. वस्तू पडली असेल तर तिला हात न लावता पोलिसांस कळवावे, कारण पात्रात विषारी इंधनाचा अंश असू शकतो. ज्याची खात्री नाही ती वार्ता पुढे धाडू नये. काकडआरतीस पहाटे जमणाऱ्या मंडळींइतके आकाश पाहण्याचे भाग्य या दिव्यांच्या नगरीत दुसऱ्या कोणास आहे?

शांती करावयाची त्याने मनाच्या समाधानार्थ अवश्य करावी. आमचा तीस विरोध नाही. मात्र वहीत नोंद केल्याखेरीज कोणी संकल्प सोडू नये, आणि भीती दाखवून दक्षिणा मागणाऱ्यास देवळाची पायरी चढू देऊ नये.